हिरड्याचा रकाना

चैत्र-वैशाखात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याच्या झाडांवर चढलेले आदिवासी बांधव दिसू लागतात. आठळी धरण्यापूर्वीच फळ उतरवावयाचे, अंगणात वा कातळावर पसरून कडक उन्हात वाळवावयाचे आणि काळे पडून सुरकुतले की पोत्यात भरावयाचे. हाच आपला बाळहिरडा. तेच फळ झाडावर राहू दिले तर हिवाळ्यापर्यंत ते पिवळसर व भरदार होते आणि मग त्याचा भाव, गुण व उपयोग सारेच निराळे होते. आपल्या वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधनिर्मात्यांना हे आम्ही सांगावयास नको. परंतु हा भेद डोळ्याला व जिभेला जितका स्पष्ट असतो तितका तो संगणकातील तक्त्याला नसतो, आणि त्यापायी एका बैठकीत वाचून दाखविलेला निष्कर्ष आम्हांला पुढच्या बैठकीत मागे घ्यावा लागला. त्या फजितीची हकीकत येथे द्यावी व त्यावरून आमचे जे मत बनले ते सभासदांपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

मलावष्टंभाच्या रुग्णांस बाळहिरडा दिला असता व सुरवारी हिरडा दिला असता काय अनुभव येतो, याच्या नोंदी आमच्या काही स्नेही वैद्यांनी आपापल्या वह्यांत केल्या होत्या. कोणी घोडेगावचे, कोणी जुन्नरचे, कोणी मंचरचे. या वह्या एकत्र करून संगणकावर तक्ता करावा असे ठरले. रुग्णाचे वय, लिंग, वजन, बाळहिरड्याची मात्रा, सुरवारी हिरड्याची मात्रा, अनुपान, आणि कितव्या दिवशी उपशय मिळाला, असे त्याचे रकाने. संख्याशास्त्र जाणणाऱ्या एका तरुण मित्राने आज्ञावली लिहून दिली. ‘चौथ्या रकान्यात अमुक भर, पाचव्या रकान्यात तमुक भर’ अशी तिची भाषा होती. पहिल्या दोन वह्या बिनबोभाट पार पडल्या. तिसऱ्या वहीच्या लेखकाने, आणि यात त्यांची काहीच चूक नाही, वयापुढे ‘प्रकृती’ हा एक रकाना आपल्या बुद्धीने वाढविला होता. वैद्याने प्रकृती लिहावी यात नवल ते काय! पण त्यामुळे पुढचे सर्व रकाने एकेक घर सरकले आणि बाळहिरड्याची मात्रा नेमाने सुरवारी हिरड्याच्या नावे जमा होत गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा घसरलेला आकडा वजनाच्या रकान्यात पडला असता तर तीन किलो वजनाचा प्रौढ रुग्ण पाहून कोणीही दचकले असते. पण दोन्ही हिरड्यांची मात्रा साधारण सारखीच असते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात हरीतकीच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे, आणि आपले वैद्य बाळहिरडाही त्याच्या आसपासच देतात. त्यामुळे एका रकान्यातील ३ दुसऱ्या रकान्यात जाऊन बसला तरी तो तेथे परका वाटत नाही. आम्हांलाही वाटला नाही. घोडेगावच्या वैद्यमित्रांनी स्वतःची वही पुढे ठेवून ‘आम्ही तर सुरवारी हिरडा या वर्षी वापरलाच नाही’ असे सांगितले, तेव्हा उलगडा झाला. तोपर्यंत एका औषधनिर्मात्याने त्या निष्कर्षाच्या भरवशावर पुढील हंगामाच्या खरेदीचा विचार सुरू केला होता. बाळहिरड्याची मागणी घटली असती तर त्याची झळ आमच्या तक्त्याला लागली नसती, ती झाडावर चढणाऱ्यास लागली असती.

आमच्या त्या मित्राने ज्या आज्ञाप्रणालीत काम केले तिचे नाव ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ती रचण्यास प्रारंभ केला. ती विनामूल्य आहे आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ ती वापरतात. मोठे तक्ते झपाट्याने हाताळण्यासाठी मॅट डाउल यांनी तिला ‘डेटा.टेबल’ नावाची जोड दिली; ती २००६ पासून उपलब्ध आहे. या जोडीत रकान्यात मूल्य भरण्याचे एक खास चिन्ह आहे: अपूर्णविराम आणि त्याला लागून बरोबरीचे चिन्ह. चिन्हाच्या डावीकडे रकाना, उजवीकडे मूल्य. डावीकडे रकान्याचा क्रमांक लिहिता येतो, तसेच नावही लिहिता येते. आमचे मत एवढेच आहे की आपल्या कामात तेथे नावच लिहिले पाहिजे. नाव लिहिले असते तर ‘प्रकृती’ कोठेही घुसली असती तरी बाळहिरडा बाळहिरड्याच्याच घरी गेला असता.

‘वैद्याला हा उपद्व्याप कशाला?’ असा प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केला. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, पण उत्तर त्यांच्याच मांडीवरच्या निघंटूत आहे. निघंटू हा नावांच्या रकान्यांचा तक्ता नव्हे तर काय? हरीतकीचे रस पाच, लवण वर्ज्य, कषाय प्रधान, वीर्य उष्ण, विपाक मधुर. आपण कधी ‘हरीतकीच्या तिसऱ्या घरी उष्ण’ असे म्हणतो काय? ‘वीर्य उष्ण’ असेच म्हणतो. आणि नाव उच्चारल्याबरोबर त्या घरात काय बसू शकते व काय बसू शकत नाही, हेही ठरून जाते. विपाक तीनच: मधुर, अम्ल, कटु. कोणा विद्यार्थ्याने विपाकापुढे ‘उष्ण’ लिहिले तर प्रथम वर्षाचा अध्यापकसुद्धा लेखणी थांबवितो. क्रमांकाला हे सामर्थ्य नाही. तिसऱ्या घरात काहीही मावते.

जुन्नरकरांना तर याहून जुना दाखला घरबसल्या आहे. घाटघरापुढे नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणीचा म्हणून जो प्राकृत शिलालेख आहे, त्यात यज्ञ व त्यांच्या दक्षिणा नोंदविल्या आहेत. भारतीय अंकचिन्हांच्या अगदी प्राचीन नमुन्यांपैकी तेथील अंक आहेत, म्हणून अभ्यासक तेथवर चढून जातात. कोरणाऱ्याने तेथे गाई, हत्ती, कार्षापण असे आधी वस्तूचे नाव कोरले आणि मग संख्या. दोन हजार वर्षांच्या पाऊसवाऱ्याने लेखाचा काही भाग झिजला आहे. जेथे नाव शाबूत आहे तेथे दान कशाचे ते कळते. जेथे नाव गेले तेथे उरलेला अंक वाचता येऊनही हाती काही लागत नाही.

नाव लिहिले की सारे सुरळीत होते, असे मात्र कोणी समजू नये. नावाचे स्वतःचे उपद्रव आहेत, आणि ते आपल्या शास्त्राला नवे नाहीत. भावप्रकाशात हरीतकीच्या विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवन्ती व चेतकी अशा सात जाती सांगितल्या आहेत. आता ‘अमृता’ हे रकान्याचे नाव ठेवले तर त्यात हिरडा भरावयाचा की गुळवेल? ‘जीवन्ती’ नावाची निराळी वनस्पती आहेच. ‘विजया’ म्हटल्यावर भांग आठवणारे पुष्कळ निघतील. ‘अभया’ तर एका जातीचेही नाव आणि समग्र हरीतकीचेही. ब्राह्मी कोणती आणि मंडूकपर्णी कोणती, यावर आपल्या किती सभा उठल्या ते सर्वांस ठाऊकच आहे. वैद्य प्रसंग पाहून अर्थ लावतो. संगणकाला प्रसंग दिसत नाही. म्हणून एका रकान्याला एकच नाव व एका नावाला एकच द्रव्य, हे आधी ठरवावे लागेल. रकान्याच्या नावातच कल्प आणि परिमाण आले तर अधिक चांगले: ‘बाळहिरडा चूर्ण ग्रॅम’, ‘गंधर्वहरीतकी ग्रॅम’. आमच्या दोन ज्येष्ठ वैद्यांच्या वह्या आजही मासा व तोळा यांतच आहेत. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्याचा बारावा हिस्सा मासा. म्हणजे मासा आणि ग्रॅम यांत इतका थोडा फरक की ३ मासे ३ ग्रॅम म्हणून खपून जातात. तोळ्याची चूक निदान ओरडून सांगते.

दुसरा उपद्रव अधिक सूक्ष्म आहे. ‘डेटा.टेबल’मध्ये नाव चुकीच्या वर्णांनी लिहिले, ‘बाळहिरडा’ऐवजी ‘बालहिरडा’ असे, तर मूल्य भरताना संगणक तक्रार करीत नाही. तो मुकाट्याने ‘बालहिरडा’ नावाचा नवा रकाना उघडतो आणि आकडे त्यात ओततो. जुना रकाना होता तसाच राहतो. नसलेल्या रकान्यातून वाचावयास सांगितले तर तो अडतो. लिहावयास सांगितले तर अडत नाही. हे गुमास्त्याच्या स्वभावासारखेच झाले. मराठीत तर यापुढची गंमत आहे. आपल्या एका तक्त्यात ‘खोऱ्याचे नाव’ असा रकाना होता, कारण कुकडी, मीना आणि घोड या खोऱ्यांचा हिरडा आम्हांला वेगळा नोंदवावयाचा होता. यातील ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठविले जाऊ शकते. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्त असतो, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ठिकाणी तेच अक्षर, छापून काढले तरी तेच. पण संगणकाच्या लेखी ही दोन भिन्न नावे. एकाने एका कळफलकावर टंकले, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि आमच्या तक्त्यात दोन खोरी झाली. अर्धा दिवस त्यात गेला. चष्म्याचा नंबर वाढला असावा, अशीही शंका आम्ही घेऊन पाहिली.

आता जो मुद्दा सांगावयाचा तो प्रथमदर्शनी क्लिष्ट वाटेल, पण आपल्या शास्त्राभ्यासाच्या परंपरेत वाढलेल्यास तो परका नाही. पुष्कळदा रकान्याचे नाव आज्ञेत प्रत्यक्ष न लिहिता एका संकेताच्या पोटात ठेवावे लागते. समजा, बारा द्रव्यांच्या बारा रकान्यांवर एकच क्रिया करावयाची आहे. मग ‘द्रव्य’ हा संकेत धरावयाचा, त्यात क्रमाने ‘बाळहिरडा’, ‘बेहडा’, ‘आवळा’ अशी नावे ठेवावयाची आणि आज्ञा एकदाच लिहावयाची. आमच्या मित्राने चिन्हाच्या डावीकडे नुसते ‘द्रव्य’ लिहिले. संगणकाने ‘द्रव्य’ याच नावाचा नवा रकाना काढला आणि बाराही द्रव्यांची मूल्ये त्यातच एकावर एक लिहिली. शेवटच्या द्रव्याची तेवढी उरली. ‘द्रव्य’ हा शब्द कंसात लिहिला असता तर संगणकाने तो उलगडून त्याच्या पोटातील नाव घेतले असते. कंस नसेल तर शब्द म्हणजे शब्दच. कंस असेल तर शब्दाने जे दर्शविले ते.

शब्द स्वतःचे रूप सांगतो की स्वतःपलीकडचे काही, हा विचार पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात करून ठेवला आहे. व्याकरणाच्या सूत्रात आलेला शब्द आपल्या रूपाचाच बोध करून देतो, पारिभाषिक संज्ञा मात्र त्या संज्ञेखाली येणाऱ्यांचा बोध करून देते. अग्नीला प्रत्यय लावा म्हटले तर तो निखाऱ्याला लावावयाचा नसतो. आणि इतके दूर तरी कशाला जावे? डिंभे धरणाच्या जलाशयात आंबेगाव हे गाव बुडाले, तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे, तरी तालुका आजही आंबेगावच. तेथील माणूस ‘आंबेगावला जातो’ म्हणतो तेव्हा कंस आहे की नाही हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. संगणकाला तो लिहून दाखवावा लागतो.

आणखी एका गोष्टीची सूचना देऊन ठेवतो. वर सांगितलेले चिन्ह मूळ तक्त्यातच बदल करते, त्याची प्रत काढून नव्हे. तक्त्याला दुसरे नाव दिले म्हणजे दुसरा तक्ता झाला, अशा समजुतीने आम्ही त्या दुसऱ्यावर प्रयोग केले आणि पहिल्यातील आकडे बदललेले सापडले. दोन नावे, वही एकच. प्रत हवी असल्यास ‘प्रत काढ’ अशी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. सुदैवाने मूळ कागदी वह्या आमच्यापाशी होत्या. त्या रद्दीत देऊ नयेत, अशी सर्वांस विनंती.

असल्या चुका खेडोपाडीच्या वैद्यांकडूनच होतात, असा न्यूनगंड कोणी बाळगू नये. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कर्करोगाच्या कोणत्या रुग्णास कोणते औषध लागू पडेल, हे जनुकांवरून सांगणारे संशोधन २००६ पासून गाजत होते. एम. डी. अँडरसन या कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली व केविन कूम्ब्स या दोघांनी ते तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध केले की काही याद्यांत जनुकांची नावे एका ओळीने सरकली होती, आणि काही ठिकाणी ‘औषध लागू पडणारे’ व ‘न पडणारे’ या चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या. तोवर त्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. पुढे त्या थांबल्या आणि निबंध मागे घेतले गेले. त्या प्रकरणात पुढे अप्रामाणिकपणाही उघडकीस आला, पण एका ओळीने सरकणे ही साधी, आपल्या घरची चूक होती. आमचा हिरडा एका रकान्याने सरकला, त्यांची यादी एका ओळीने.

औषधनिर्मात्यांसाठी थोडे वेगळे सांगणे आहे. बहुतेकांच्या साठानोंदीत ‘हिरडा’ हा एकच रकाना असतो. बाळ, सुरवारी, रंगारी सारे त्यातच. औषधिकोशातील हरीतकी म्हणजे पक्व फळाचे आठळीविरहित कवच. बाळहिरडा त्या व्याख्येत बसत नाही, आणि म्हणूनच तो वेगळ्या रकान्याचा धनी आहे. शिवाय यात केवळ शास्त्रशुद्धतेचा प्रश्न नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या दोन तालुक्यांतील हिरड्याच्या झाडांची हानी झाली आणि भरपाईसाठी हिरडा उत्पादकांना पुढे दीर्घकाळ झगडावे लागले. त्या आधीच्या व नंतरच्या हंगामांत कोणत्या खोऱ्यातून किती बाळहिरडा आला, हे आपल्या खरेदीच्या वह्यांवरून सहज दाखविता आले असते. वह्या होत्या, आकडेही होते. पण रकाना एकच असल्यामुळे त्यातून बाळहिरडा वेगळा निघेना. ज्यांच्या कष्टावर आपली खलबत्ती चालतात त्यांना आपल्याकडून एवढा पुरावासुद्धा मिळू शकला नाही, हे आम्हांस बोचते.

रकान्यांची नावे इंग्रजीत वा लॅटिनमध्ये ठेवावीत, असे सुचविणारे काही सभासद आहेत. वनस्पतीच्या शास्त्रीय नावाचा एक स्वतंत्र रकाना असावा, हे आम्हांस मान्य आहे. पण बाळहिरडा व सुरवारी हिरडा यांचे शास्त्रीय नाव एकच आहे! झाड एक, फळ एक, वयाचा तेवढा फरक. लॅटिनला तो दिसत नाही, मराठीला दिसतो. व्याधींच्या बाबतीत मात्र स्वतःची नावे रचीत बसण्याचे कारण नाही. केंद्र शासनाच्या ‘नमस्ते’ संकेतस्थळावर २०१७ पासून आयुर्वेदीय व्याधींच्या प्रमाण संज्ञा व संकेतांक उपलब्ध आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधींचा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे जाहीर झाला आहे. मलावष्टंभ, विबंध, बद्धकोष्ठ असे तिघांनी तीन शब्द लिहिण्यापेक्षा तेथील एक संकेतांक लिहावा.

संघटनेच्या कार्यकारिणीपुढे आमचे मागणे असे की येत्या बाळहिरड्याच्या हंगामापूर्वी एक बैठक घोडेगावी व एक जुन्नरला घ्यावी आणि रकान्यांच्या नावांची एक यादी सर्वानुमते ठरवावी. हिरड्यापासून आरंभ करावा; इतर द्रव्ये सावकाश घेता येतील. ठरलेली नावे एकाने टंकावीत व इतरांनी ती तेथूनच उचलावीत, स्वतः टंकू नयेत. ‘खोऱ्या’चा अनुभव ताजा आहे. नवी वही तक्त्यात घेण्यापूर्वी तिची शीर्षके यादीशी ताडून पाहावीत, आणि एखादे शीर्षक यादीबाहेरचे निघाल्यास काम तेथेच थांबवून त्या वैद्यांना विचारावे. आमच्या मित्राने नवी आज्ञावली तशी लिहिली आहे. ‘प्रकृती’चा रकानाही त्यात आता रीतसर घेतला आहे, आणि तो वाढविणाऱ्या वैद्यांचीच वही या वेळी पहिली घ्यावयाची असे ठरले आहे. ज्यांच्यापाशी मागील हंगामांच्या वह्या असतील त्यांनी त्या मूळ स्वरूपातच, रकाने न हलविता, फाल्गुन संपण्यापूर्वी पाठवाव्यात.